मॉनिटर नको

ताईला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी मॉनिटरच बघायला लागलो. सवय, दुसरं काय! हिंजवडीच्या आयटी कंपनीत दिवसभर दोन-दोन पडद्यांसमोर बसणारा माणूस मी. ताई म्हणाली, "मॉनिटर नको." मी म्हटलं, "अगं, मॉनिटरशिवाय चालेल कसा तो?" तर म्हणते, "मी चालतेय ना डोळ्यांशिवाय? चालेल तोही."

घ्या!

ताई माझी मोठी बहीण. काचबिंदूनं तिची दृष्टी हळूहळू गेली आणि तेव्हापासून ती पुण्यात बिबवेवाडीला आमच्याकडेच असते. घरात आई, ताई आणि मी. तिचं तसं कशावाचून अडत नाही. स्वयंपाक करते, रिक्षावाल्यांशी भांडते. अडायचं ते एकाच बाबतीत. तिला आलेलं काहीही आधी आई वाचायची, तेही मोठ्यानं. आणि नुसतं वाचून थांबेल तर ती आई कसली! "हा कोण गं? लग्न झालंय का याचं?"

ताईचा फोन बोलतो, पण जुना असल्यानं लांब मजकूर धड वाचत नाही, आणि त्यावर बोटं फिरवून लांबलचक लिहायचं म्हणजे तिचा जीव जातो. आणि फोनला तोंडी सांगून लिहायचं, तर सगळ्या घराला ऐकवायचं. एकदा ती असाच काही मजकूर सांगत होती, तर स्वयंपाकघरातून आईची दुरुस्ती आली, "शेवटी 'तुझी' काय? 'आपली' लिही!"

ताईनं फोन ठेवून दिला. संध्याकाळी मला म्हणाली, "मला एक पत्र असं लिहायचंय रे, जे या घरात कुणालाही माहीत नसेल. बस, एवढंच हवंय मला." फार वाईट वाटलं. बँकेची शिल्लक, डॉक्टरांचे रिपोर्ट, मैत्रिणींची गाऱ्हाणी, सगळं तिनं आमच्या तोंडून ऐकायचं. तिचं म्हणून काही उरलंच नव्हतं.

कॉलेजात असताना ताईनं टायपिंगचा क्लास केला होता आणि ते तिच्या बोटांत अजून पक्कं होतं. पडद्यावर जे उमटतं ते वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. तो घालायचा आणि कानाला हेडफोन लावायचा. बेत छान होता, फक्त पैसे बेताचे होते.

नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, "कशासाठी हवाय?"

"लिहायला-वाचायला," ताई म्हणाली.

"मग मॉनिटर मोठा घ्या. डोळ्यांना त्रास नको."

समोर ताई, हातात पांढरी काठी! मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "माझ्या डोळ्यांना आता कसला त्रास? ते रिटायर झालेत."

त्यानं मान वर केली. ओशाळला बिचारा. पण तोही अस्सल पुणेरी. "असं होय! मग मॉनिटरचे पैसे वाचले. कुठे घालायचे ते बोला."

मी तरी हट्ट सोडेना. "आणि उद्या हँग झाला तर मला दिसणार कसं?"

"तुला दिसू नये म्हणूनच तर नकोय," ताई म्हणाली.

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "अहो, अडलंच तर उचलून हॉलमधल्या टीव्हीला जोडा, आणि काम झालं की काढा." पडदाच नाही म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड तर विचारातही घेतलं नाही. वाचलेले पैसे रॅममध्ये आणि वेगवान एसएसडी डिस्कमध्ये गेले, म्हणजे वाचणारा आवाज मध्येच अडखळायला नको. डब्यातले पंखे ताईनं कान लावून, कमी आवाजाचे निवडले. कीबोर्ड तर तिनं दुकानातले झाडून सगळे चाचपले. "सगळे सारखेच असतात हो ताई," दुकानदार वैतागून म्हणाला. "मग तुम्ही पहिला हातात दिलात तोच सगळ्यात महागाचा कसा काय निघाला?" ताईनं विचारलं. तो चक्क हसला.

घरी आणून जोडला. त्यातला आवाज अगदी कोरडा, आणि 'ळ' म्हणताना त्याची फे फे उडायची. "हा बाबा काही पुण्याचा नाही," ताई म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता.

नंतरच्या एका रविवारी दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो. ताई हेडफोन लावून बसली होती. एकदम खो खो हसायला लागली. आई हात पुसत बाहेर आली.

"काय झालं गं?"

ताईनं एक कान मोकळा केला. "काही नाही."

"कुणाचं आलंय?"

"आहे एकाचं."

एकाचं! आई लगबगीनं टेबलाच्या या बाजूला आली, मग त्या बाजूला गेली. तिथे कॉम्प्युटरचा डबा, कीबोर्ड आणि समोर भिंत. ती माझ्याकडे वळली, "अरे, तू तरी बघ ना काय आहे ते!"

"काय बघू, आई? तुला दिसतंय का काही?"

खरं सांगतो, उत्सुकता मलाही जाम होती. पण इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

"मग आम्हाला कळायचं कसं?" आई रडवेली झाली.

"मला विचारायचं," ताई म्हणाली. "आणि मी सांगितलं, तर ऐकायचं."

तिनं हेडफोन परत कानावर चढवला आणि उत्तर लिहायला घेतलं.