ताई आणि कुलूपबंद खडू

माझ्या ताईसारखी हट्टी बाई शोधून सापडणार नाही. सोळाव्या वर्षी शिलाई मशीनवर बसली, ती आज त्रेचाळिसाव्या वर्षीही तिथेच आहे. दुकान आम्हा दोघींचं. ती कापते आणि शिवते; काज-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. कुणाचाही बिघडलेला झगा ही नीट करून देईल, पण स्वतःच्या ताटात काय पडलंय ते बघणार नाही. भाजी-डाळ भावोजींना आणि मुलींना, हिला चहा-पाव. दुपारी डबा उघडला तरी शेजारी चहाचा कप हवाच.

गेल्या वर्षी कापडावर खुणा करायचे खडू भराभर संपायला लागले. सहा महिने पुरणारा डबा तीन आठवड्यांत रिकामा! मी खडूवाल्याशी दोनदा भांडले, म्हटलं, भुसभुशीत माल गळ्यात मारतोस. तो बिचारा शपथा घेत राहिला. मग एकदा कपडे घालून बघायच्या पडद्यामागे गेले, तर ताई उभी, खडूचा कोपरा कुरतडत.

"ताई! लाज आहे का काही? दोन मुलींची आई तू!"

"वास बरा वाटतो गं," ती ओठ पुसत म्हणाली. "जरासाच खाल्ला."

जरासाच! माझं डोकंच फिरलं. खडू कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. खुणा करायला तिला साबणाच्या चिपा दिल्या. म्हटलं, खा आता. तर ही बाई शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून दिवसभर कडाकडा चावायला लागली. भावोजी म्हणाले, "चाळे आहेत सगळे." मलाही पटलं. चेहरा पांढराफटक, जिना चढताना तीनदा थांबायची, आणि मी वरून ओरडायची, "आटप गं, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

परवा कापता कापता ती कात्रीसकट टेबलावर कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच. हवं बारा.

"हृदयाला किती ओढावं लागतंय यांच्या," त्या मला म्हणाल्या. "आणखी उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. खडू, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का यांना?"

"वाटतं कसलं, खातेच!" तक्रारीची संधी मी सोडते थोडीच. "घाण सवय आहे हो. मी कुलूप लावलं तरी..."

"सवय नाही, लक्षण आहे ते. अंगातलं लोह संपलं की काही जणांना असं होतं. कुलूप कसलं लावता?"

मग पाळीचं विचारलं. "नऊ-दहा दिवस जातं," ताई म्हणाली, "सगळ्यांचंच असतं." डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. महिन्याला इतकं रक्त जातंय, ते भरून यायला पोटात पुरेसं अन्न नाही, आणि जे थोडं जातंय त्यातलं लोह जेवणाबरोबरचा चहा अंगी लागू देत नाही. हे त्यांनी मला दोनदा समजावलं. एवढी कशी मी मठ्ठ!

"दम कधीपासून लागतो?" त्यांनी ताईला विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"दोन वर्षं! आणि घरात कुणाला सांगितलं नाही?"

ताईच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. ती तिकडेच बघत राहिली.

"हिला सांगणार होते. पण ही ओरडते."

खरं सांगते, ते ऐकून माझ्या तोंडाशी पहिलं आलं ते ओरडणंच.