शाळा सुटण्याआधीचे विद्यापीठ

ओल्या लोकरीचा वास आधी यायचा, मग लेक दिसायची. ती दारात बूट काढेपर्यंत तो वास स्वयंपाकघरात पोहोचलेला असे. बसच्या उबेत आंबलेली, घट्ट गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबलेली शाळेची जर्सी, तिच्यात मुरलेला पाऊस, आणि मैत्रिणीच्या अंगणातून आलेल्या फीजोआंचा, पेरूसारख्या हिरव्या फळांचा, अत्तरासारखा गोड, किंचित औषधी दरवळ. मंगळवारी आणि गुरुवारी हा वास ठरलेला. त्या दोन दिवशी ती जेवणाच्या सुट्टीनंतर शाळेतून निघे, माउंट रॉस्किलहून शहराची बस पकडे, विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या स्वच्छतागृहात गणवेश उतरवून जीन्स चढवी, आणि व्याख्यानाच्या भल्यामोठ्या दालनात आपल्याहून मोठ्या मुलामुलींमध्ये जाऊन बसे.

इथे, पुण्याहून येऊन आम्ही राहिलो त्या या देशात, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना, शिक्षकांनी शिफारस केली तर, विद्यापीठातला एखादा विषय शाळेबरोबरच शिकता येतो. एका विषयाच्या एका सत्राला इथे ‘पेपर’ म्हणतात. आपल्याकडे पेपर दिला की सुटका होते. इथे घेतला की सुरुवात. लेकीने गणिताचा घेतला.

शिफारशीची बातमी उन्हाळ्याच्या, म्हणजे इथे डिसेंबरातल्या, सुट्टीच्या तोंडावर आली, आणि माझ्या नवऱ्यातला पुणेकर जागा झाला. तो पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. यंत्रे शांतपणे चालावीत हे त्याचे काम, आणि घरातही तो शांतच असतो. पण ज्या शहरात नववीचा निकाल लागण्याआधीच दहावीची पुस्तके घरात येतात, आणि मे महिन्यात व्हेकेशन बॅच लावून अर्धे वर्ष उरकले जाते, त्या शहरात तो वाढला होता. त्याने बहिणीकडून पुण्याहून गाइडे मागवली, प्रथम वर्षाची, सोडवलेल्या उदाहरणांची. त्यांच्या पिवळट कागदाला शाईचा आणि कापराच्या गोळ्यांचा वास होता. आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग डिसेंबरभर त्या गाइडांखाली गेला.

“एकदा पोर्शन संपला की मग वर्षभर नुसती रिव्हिजन,” तो म्हणे.

“बाबा, इट्स समर. सगळे बीचवर आहेत.”

“समुद्र कुठे पळून जातोय का?”

“तुझा पोर्शनपण कुठे पळून जात नाहीये.”

फाटकापाशी मैत्रीण उभी असे, पोहायच्या टॉग्सवर सैल शर्ट, पायात रबरी जँडल्स, गळ्यात टॉवेल. “कमिंग?” ती ओरडे. आणि आतून बापलेकीचा एक सूर येई, “फाइव्ह मिनिट्स!” ती पाच मिनिटे तासभर लांबत. तरीही त्या टेबलाभोवती हसणे पुष्कळ होते, हे मला लिहून ठेवले पाहिजे. नवरा स्वतःच विद्यार्थी झाला होता. एखादे उदाहरण लेकीने त्याच्याआधी सोडवले की त्याचे कान लाल होत, आणि ती त्याच्या टकलावर पेन्सिलीने हळूच टिचकी मारी. संध्याकाळी ती समुद्रावरून परत येई तेव्हा तिच्या केसांत मीठ आणि सनस्क्रीनचा नारळी वास असे, आणि तशीच ती उरलेली दोन उदाहरणे संपवायला बसे.

मार्चमध्ये विद्यापीठ सुरू झाले. पहिले काही आठवडे ती घरी आल्यावर खांदे उडवून सांगत असे, “ईझी. सगळं झालेलं आहे माझं.” नवरा माझ्याकडे बघून भुवया उंचावी. इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला, भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, श्रीखंडाच्या वाट्या हातात असताना ही बातमी त्यानेच फोडली.

“शाळेत असतानाच युनिव्हर्सिटी?” एक काकू मला म्हणाल्या. “मग वहिनी, स्थळंही आत्ताच बघायला घ्या की!”

“आधी पीएचडी, मग स्थळ,” नवरा मध्येच म्हणाला.

“काकू, आय कॅन हिअर यू,” लेक पाठमोरीच म्हणाली.

“ऐकू यावं म्हणूनच बोलतेय गं बाई!”

सगळे हसले. तीही हसली, आणि जास्तीचे श्रीखंड वाढून घेऊन मुलांच्या घोळक्यात शिरली.

पहिल्या चाचणीचा निकाल आला त्या मंगळवारी लोकरीचा वास आला, पण पाठोपाठ आवाज आला नाही. ती खोलीत जाऊन तशीच, ओले मोजे न काढता, पलंगावर बसली होती. निम्म्याहूनही कमी गुण. उत्तरपत्रिका तिने बापाच्या हातात दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली.

“उत्तरं तर बरोबर आहेत. मग मार्क कसले कापलेत?”

“बाबा, त्यांनी उत्तर विचारलंच नव्हतं. व्हाय विचारलं होतं.”

“पण गाइडमध्ये तर हेच…” तो म्हणाला, आणि थांबला.

समासात शिक्षकांनी इंग्रजीत लिहिले होते, सौम्यपणे: उत्तर बरोबर आहे, तिथवर तू कशी पोहोचलीस, ते दिसत नाही. मला त्या क्षणी सगळे लख्ख दिसले. गाइडने तिच्या हाती प्रत्येक कुलपाची किल्ली दिली होती, आणि म्हणून त्या दालनात आठवडेच्या आठवडे ‘हे मला येते’ म्हणत ती ऐकायचीच थांबली होती. तिथे किल्ल्या वाटल्या जात नव्हत्या. कुलूप कसे बनते ते सांगितले जात होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी, तिच्या ‘मिस’नी, तिला बोलावून घेतले. फार मायाळू बाई. त्यांनी सांगितले, पुढच्या शुक्रवारपर्यंत पेपर सोडलास तर कुठेही नोंद राहणार नाही. शाळेच्या विषयांना वेळ मिळेल. लाज वाटण्यासारखे यात काही नाही. लेक घरी येऊन म्हणाली, “मी सोडतेय. मी तिथे फेक आहे, आई. सगळ्यांना खरंच येतं, मला फक्त पाठ आहे.”

नवरा म्हणाला, “ट्यूटर लावू.”

“नो मोअर बॅचेस, बाबा. प्लीज.”

त्याने मान खाली घातली. त्या संध्याकाळी तो गाइडे गॅरेजमध्ये ठेवून आला, आणि फीजोआ मधोमध कापून, चमचा खोचून, बशी तिच्या टेबलावर ठेवून बाहेर पडला. नंतर बशीत नुसत्या हिरव्या साली उरल्या होत्या. ते पाहून त्याला बरे वाटले असावे. त्याने बशी स्वतः धुतली.

आणि मी? मला वाटत होते, सोडावे तिने. हे मी त्या दोघांनाही सांगितले नाही. शाळेचे शेवटचे वर्ष म्हणजे माझ्या हाताशी उरलेले शेवटचे वर्ष, असे मी मनात धरून चालले होते. आणि प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक गुरुवारी, त्या वर्षाची एक कड कुणीतरी बाहेरून ओढून घेत होते. जीन्स घालून परत आलेली मुलगी दारात क्षणभर परकी वाटे. मग तिच्या पिशवीतून गणवेश निघे आणि ती पुन्हा माझी होई. पेपर सुटला असता तर उरलेल्या वर्षात ती मला अखंड मिळाली असती. म्हणून मी फक्त एवढेच म्हणाले, “तुला वाटेल ते ठरव,” आणि त्या वाक्यातला माझा स्वार्थ मलाच ऐकू आला.

रविवारी दुपारी मी तिच्या स्कर्टच्या चुण्यांना इस्त्री करत होते. बाहेर पाऊस, आत तापलेल्या कापडाचा भाजका वास. ती हीटरला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. चाचणीतलाच एक प्रश्न तिने पुन्हा समोर घेतला होता, सोडण्याआधी निदान काय चुकले ते कळावे म्हणून.

“मला सांग,” मी म्हणाले.

“तुला मॅथ्स येत नाही, आई.”

“म्हणूनच सांग. मला न येणारं ऐकायची सवय आहे.”

पुण्यात असताना मी महाविद्यालयात कविता शिकवत असे. आता माउंट वेलिंग्टनच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दोन्हीकडे काम बरेचसे एकच: समोरचा बोलत असताना त्याची वाट कुठे तुटते, ते ऐकायचे.

ती सांगू लागली, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. कुठल्या संख्येला त्याच संख्येने गुणले असता दोन येतात? ती संख्या अपूर्णांकात लिहिता येत नाही, हे सिद्ध करायचे होते. “तर समज, लिहिता येते. वर एक पूर्ण संख्या, खाली एक, आणि आणखी लहान करता येणार नाही असा अपूर्णांक.”

“जे खरं नाही तेच आधी खरं मानायचं?”

“हो. मग त्याच्याबरोबर चालत जायचं, ते स्वतःच पडेपर्यंत.”

इस्त्री हातात तशीच राहिली. एवढी सुंदर रीत गणितात असेल असे मला कुणी कधी सांगितले नव्हते. ती पुढे गेली: दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की वरच्या संख्येचा वर्ग सम निघतो. “सो वरची संख्या सम आहे. मग—”

“थांब. वर्ग सम आहे, हे तू दाखवलंस. संख्या सम कशी झाली?”

“ऑब्व्हियस आहे ना!”

“मला नाहीये. तू उडी मारलीस. मी अजून अलीकडच्या काठावर आहे.”

तिने चिडून छताकडे पाहिले. मग कागदावर काही आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. तोवर स्कर्टच्या तीन-चार चुण्या झाल्या. मग हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “विषम असती, तर विषम गुणिले विषम… जोडीतून सुटलेला एक नेहमी उरतोच. म्हणजे वर्गही विषम आला असता. पण तो सम आहे. सो ती विषम असूच शकत नाही.” तिने माझ्याकडे पाहिले. “आलीस?”

“आले,” मी म्हणाले. “चल पुढे.”

पुढे खालची संख्याही सम निघाली, म्हणजे अपूर्णांक आणखी लहान करता येत होता, आणि मानलेली गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत, आवाज न करता, कोसळली. “हेच गाइडमध्ये एका ओळीत होतं,” ती म्हणाली. “मी पाठ केलं होतं ते.” मग कागद उचलून ती खोलीत गेली, आणि दार लोटून घेतले. सोडायचे की नाही, याबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही, पुढचे तीन दिवसही नाही. नवरा दर संध्याकाळी माझ्याकडे प्रश्नार्थक पाही. मी नकारार्थी मान हलवी.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, माझे काम लवकर संपले. पाऊस लागला होता, बस उशिरा येईल, अशी कारणे मी स्वतःला देत गाडी घेऊन शहरात गेले. विद्यापीठ मी तोवर आतून पाहिले नव्हते. ओल्या पानांचा आणि कॉफीचा वास, जुन्या झाडांखालून वाहणारी रंगीत छत्र्यांची गर्दी. दालनाच्या पायऱ्यांशी, छपराखाली, मी उभी राहिले.

दारे उघडली आणि लोंढा बाहेर आला. त्यात लेक सगळ्यांत शेवटी. तिच्याबरोबर एक बाई होती, माझ्याच वयाची असेल, खांद्यावर मोठी झोळी, तिच्यातून लहान मुलाचे एक जँडल डोकावत होते. दोघी पायरीवर थांबल्या. बाई वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून काही विचारत होती; लेक ऐकत होती, मान तिरकी करून. मग तिने बाईचे बोट हलकेच धरून एक ओळ वर नेले. पुन्हा एक ओळ वर. तिथून ती सांगू लागली, सावकाश, दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ठेवत. बाई मोठ्याने हसली, म्हणाली, “ओ, स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि झोळी सावरत पावसात पळाली. लेक तिच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या अंगावर जीन्स होती, आणि त्या क्षणी ती मला परकी वाटली नाही. कोणते उत्तर मला हवे आहे, हेच मला कळेनासे झाले.

तिने मला पाहिले. “आई? तू काय करतेयस इथे?”

“बस चुकेल म्हटलं तुझी.”

“खोटं.”

“बरं, खोटं. चल, भिजशील.”

गाडीत काचा धुकट झाल्या. मी वायपरचा आवाज ऐकत राहिले. डॉमिनियन रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिने फोन काढला, बराच वेळ काहीतरी लिहिले, वाचले, आणि अंगठा दाबून फोन मांडीवर पालथा ठेवला.

“मिसना?” मी विचारले.

तिने होकारार्थी मान हलवली.

“काय कळवलंस?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी माझा पाय ब्रेकवरून उठेना. लेकीने बाहीने समोरची काच पुसली, माझ्याकडे वळली, आणि म्हणाली,

“राहते.”