आईची दाढ आणि दोन कॉलेजं

बारावीनंतर मला दोन डेंटल कॉलेजांत जागा मिळत होती, आणि आमच्या घरात कुणालाच दातांचं कॉलेज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आमच्या माण गावात दात दुखला की लवंग धरायची, फारच दुखला की तंबाखूची चिमूट. त्यासाठी वर्षानुवर्षं शिकावं लागतं हे ऐकून भावकीतल्या एका काकूंनी विचारलं, "बत्तीसच तर असत्यात. इतकी वर्सं काय मोजत बसत्यात?" मला तो प्रश्न फार आवडला. मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

एक कॉलेज खासगी, नवंकोरं, घरून बसने जाऊन-येऊन करण्यासारखं. दुसरं सरकारी, जुनं, लांबच्या जिल्ह्यात. सकाळची एसटी धरली की दिवस मावळताना पोचायचं. वडिलांचा कौल पहिल्याला, कारण त्याची इमारत काचेची होती. आमच्या शेतांवर कंपन्या आल्या त्या काचेच्याच आल्या, आणि तेव्हापासून काच दिसली की आत सगळं झकास चाललेलं असणार, असं गावाने धरूनच टाकलं होतं. आईचा कौलही तिकडेच, पण कारण वेगळं. मी तिची एकुलती एक. "रोज संध्याकाळी घरी दिसली पायजे," एवढंच ती म्हणायची. मला मात्र काही ठरवता येईना. दोन्हीकडे करतात तरी काय, हेच कळत नव्हतं, आणि पुढच्या आठवड्यात कळवायचं होतं.

तोड आईनेच काढली. आमच्याकडे बैल नुसता बघून घेत नाहीत. औताला जुंपून, रानात फिरवून बघतात, मग सौदा.

"माजी दाढ दुखतीयाच," आई म्हणाली. "दोनीकडं तोंड उघडून बसती. बघू कोण कसं चालतंय."

"कालेज हाय ते, बैल न्हवं," वडील म्हणाले. पण अडवलं नाही.

काचेच्या कॉलेजात ओळीने खुर्च्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या. आई दिसताच मुलामुलींचा घोळका धावत आला. पेशंटच यायचे नाहीत त्यांच्याकडे, बिचारे वाट बघून कंटाळले होते. सगळ्यांनी आळीपाळीने तिच्या तोंडात डोकावून घेतलं, खुर्ची खालीवर करून दाखवली, एक्स-रे काढला, चहासुद्धा पाजला. दाढेला मात्र कुणी हात लावला नाही. सर आले नव्हते. गुरुवारी या म्हणाले. आई बेहद्द खूश. "लई मान दिला पोरांनी," असं ती वाटभर सांगत होती, गालाला हात लावून.

सरकारी कॉलेजासाठी आदली रात्र तिथल्या एसटी स्टँडवरच काढली. सकाळी गेलो तर रांग जिन्यापर्यंत आलेली. बऱ्याच वेळाने नंबर लागला. शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी पुढे आली, माझ्याहून फार मोठी नसेल.

"मावशी, मिश्री लावता?"

"न्हाई," आई म्हणाली. सकाळीच दात घासून काळं बोट धुतलं होतं तिने.

मुलगी वाद घालत बसली नाही. तिने एक छोटा आरसा तोंडात धरला आणि मोठा आरसा आईच्या हातात दिला. आईने आपली दाढ जन्मात पहिल्यांदा पाहिली. मीही वाकले. खालच्या डाव्या दाढेला मधोमध भोक पडलं होतं. ते किती खोल जातं, मी विचारलं. मुलीने काम करता करता सांगितलं. मग नस कुठून येते, सुई इतकी मागे का टोचायची, दाढेसाठी दिलेल्या सुईने ओठ आणि हनुवटी का बधिर होते, असं मी विचारतच सुटले. सर मागे उभे राहून तिच्या हातांकडे बघत होते. दाढ निघाली तेव्हा मला लाज वाटावी इतका आनंद झाला होता. आईने डोळे उघडले तेव्हा मी त्या दाढेची मुळंच निरखत होते.

स्टँडवर आलो. बोलायचं नाही असं बजावलं होतं, तरी कापूस दाबून धरत आई म्हणाली, "तू हितंच शिक."

"तिकडं मान दिला होता ना?"

"मान दिला. दाढ न्हाई काढली." मग म्हणाली, "आन तुजं तोंड बगितलं म्या. घरी कवा अशी दिसली न्हाईस."

मला हवं होतं तेच तिने दिलं, आणि तरी मला राग आला. इतक्या सहज सोडते मला?

"आणि संध्याकाळचं काय?" मी विचारलं.

"म्हशी हायेत की," ती म्हणाली आणि एसटी आली का बघायला तोंड फिरवलं.

एसटी आली नव्हती. तिने पदराने डोळे पुसले, गाल पुसले, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे वळली. डावीकडचं पाणी ओठाच्या कडेने हनुवटीवर उतरलं होतं. तिथे सगळं बधिर, त्यामुळे तिला ते कळलंच नव्हतं. मी पुसायला हात उचलला नाही. पुसलं असतं, तर मी पाहिलं हे तिला समजलं असतं.