चेअरमनला ओढील असा विंच

लोक जीपला विंच बसवतात ते हौसेपोटी. डोंगरात जायचं, गाडी मुद्दाम चिखलात घालायची, मग पुढच्या बंपरवरचा तो रहाट फिरवून तारेनं ती बाहेर ओढायची आणि घरी येऊन चार जणांना सांगायचं. मी विंच घेतला सूड उगवायला. दुकानदारालाही मी हे पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, म्हणजे उगाच हौसेचा माल दाखवण्यात त्यानं वेळ घालवू नये.

सूड कुणाचा, ते सांगतो. त्या दुष्काळात आमच्याकडं कावळेसुद्धा टँकरच्या मागं रांगेनं चालायचे आणि मध्ये घुसणाऱ्याला बाकीचे टोचून काढायचे. मी जीप घेऊन वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन उचलायचो आणि दूध संस्थेत पोचवायचो. दूध कसलं, म्हशीनं आठवण म्हणून दिलेलं काहीतरी. संस्थेचे चेअरमन एक प्रस्थ होते. तालुक्यात रिकामी खुर्ची दिसली की ते बसायचे आणि बसले की उठायचे नाहीत. तलाव आटला, त्याच्या पोटात चारा छावणी पडली, तर तिचेही प्रमुख तेच. सगळ्या गावांची जनावरं तलावाच्या तळात बांधलेली आणि वर काठावर मासे पकडायच्या होड्या उलट्या घालून त्यांच्या सावलीत माणसं झोपलेली, असा तो काळ.

तलावाचा तळ हाच मग आमचा हमरस्ता झाला. काठानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा, तळातून पाच मिनिटं. पण तळातून गाडी घालायची एक रीत होती. जिथं पाय आत जाईल एवढ्या भेगा पडल्यात तिथून बिनधास्त जायचं, कारण ती जमीन तळापर्यंत वाळलेली. जिथं सायीसारखं गुळगुळीत दिसतं तिथं जायचं नाही, कारण सायीखाली गाळ मऊ असतो. बाहेरचा माणूस नेमका उलटं करायचा आणि गुळगुळीत बघून गाडी घालायचा. मी भेगांवरूनच चाललो होतो. पण छावणीच्या टँकरचा नळ गळका होता, त्यानं आदल्या दिवशी नेमक्या माझ्या भेगा भिजवून ठेवलेल्या. जीप बसली ती थेट स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत. आत कॅन भरलेले.

चेअरमन छावणीतच होते. त्यांनी संस्थेचा ट्रॅक्टर मागवला, हे चांगलंच केलं. पण त्याआधी छावणीचा भोंगा सुरू केला. ज्यावरून एरवी चारावाटपाची वेळ सांगायचे, त्यावरून सांगितलं की दूधगाडी रुतली आहे, ज्याला बघायची त्यानं यावं. सगळी छावणी आली. दोन आजाऱ्यांना बाजेवर घालून आणलं होतं, असं मला पुढं कळलं आणि मी ते खरं मानतो. ट्रॅक्टरनं मला मागून धरलं, बाहेर काढलं. तिथं सोडायचं की नाही? नाही सोडलं. चेअरमननी हात फिरवला आणि ट्रॅक्टरनं मला उलटं ओढत छावणीला एक वेढा घातला. मी स्टेअरिंगला धरून मागं तोंड करून बसलेला, बाया तोंडाला पदर लावून हसतायत, आणि कॅनात दुधाचं लोणी झालेलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही विसरलो असतो. पण त्या दिवसापासून चेअरमनला भाषणाला एक वाक्य सापडलं. सर्वसाधारण सभा असो, लग्न असो, दहावं असो, ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "खासगी माणसाची गाडी रुतती, सहकार तिला ओढून काढतो." मग माझ्याकडं हात करायचे. मी नसलो तर जिथं मी बसलो असतो तिकडं हात करायचे. सिरसाळ्याच्या बाजारात एका कडबावाल्यानं मला भाव सांगायच्या आधी विचारलं, "सहकारानं वढलेले ते तुमीच का?" सख्ख्या मेव्हण्यानं पाहुण्यांत माझी ओळख तशी करून दिली. तेव्हा मी ठरवलं. याच तळात, याच माणसांसमोर, माझ्या खासगी गाडीनं या माणसाला ओढून काढायचं. त्याशिवाय मला या तालुक्यात नाव परत मिळणार नव्हतं.

औरंगाबादच्या दुकानदारानं सवयीनं विचारलं, गाडीचं वजन किती? मी म्हणालो, माझ्या गाडीचं विचारू नका, ज्याला ओढायचंय त्याचं लिहून घ्या. चेअरमनची नवी पांढरी गाडी म्हणजे चालता बंगला. त्यात स्वतः चेअरमन, ड्रायव्हर, मागं सत्काराच्या शालींचं गाठोडं. दुकानदार म्हणाला, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढ धरायची आणि गाळात रुतली असेल तर आणखी वर जायचं. मी म्हणालो, गाळात तर आहेच, शिवाय हा माणूस बसला की उठत नाही, त्याचंही धरा. त्यानं बारा हजार पौंड, म्हणजे साडेपाच टन ओढणारा विंच पुढं ठेवला. माझी जीप त्याच्या निम्म्या जोरातसुद्धा उचलून आकाशात लावता आली असती.

आधी त्यानं हातानं दांडा हलवून चालवायचा स्वस्तातला दाखवला होता. तो मी लगेच बाजूला सारला. दांडा हलवून घाम मला येणार आणि चेअरमन काचेतून बघणार, असल्या सुडाला काय अर्थ? इंजिनावर चालणारे जुने लष्करी विंचही भंगारात मिळायचे. त्यांची ओढ दांडगी, पण ते चालवायला गाडीत बसावं लागतं. मला गाडीत बसायचंच नव्हतं. मला चेअरमनच्या खिडकीशी उभं राहायचं होतं. म्हणून बॅटरीवरचा घेतला आणि त्यातही बिनवायरीच्या रिमोटचा. त्याची मोटर एवढी वीज खाते की बटण दाबलं की माझे दिवे तर मंद व्हायचेच, शेजारच्या गल्लीतलेही होत असावेत. त्यासाठी दुसरी बॅटरी बसवली.

मग तार की दोरी, यावर आम्ही दोघं चहाची किटली संपेपर्यंत भांडलो. तो म्हणायचा, दोरी घ्या. हलकी असते, तुटली तर नुसती खाली पडते. तार तुटली तर फिरून मुंडकं नेते. मी म्हणायचो, आमच्या गाळात वाळूचे कण आहेत, ते दोरीत शिरले की आतून दोरी खातात. त्याला हे पटलं. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. ताणलेली तार गुंडाळताना करकरते. तो आवाज मला चेअरमनच्या कानात घालायचा होता. मुंडक्याची काळजी म्हणून मी एक जाड पोतं ठेवलं. ते ओलं करून तारेवर टाकलं की तुटलेली तार उडत नाही.

निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी त्याला जवळजवळ मिठी मारली. म्हणाला, विंचाचा पूर्ण जोर तार सगळी सुटलेली असताना. जवळ येईल तसा जोर कमी. म्हणजे शत्रू जितका लांब, तितका ताकदीनं ओढला जाणार. असलं यंत्र कुण्या बीडच्या माणसानंच शोधलं असणार.

बायकोनं अंगणात विंचाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, एवढा जोर हाय तर आडातलं पाणी वर वढतंय का बघा. मी म्हणालो, पाणी असलं तर वढंल. ती म्हणाली, "मग चेअरमन तरी कुठं रुतलाय?"

"रुतंल. भेगांवरनं जाणारा माणूस न्हाई तो. गुळगुळीत दिसलं की घालणारच."

तोवर मी हात बसवला. केजच्या रस्त्याला उसाची ट्रॉली खड्ड्यातून काढली. पालीला पाहुण्यांकडं गेलो तर त्यांच्या विहिरीत पडलेली म्हैस वर घेतली, ती वर येताना रवंथ करत होती. एकदा शेजाऱ्याचा गाडा ओढताना त्याची भिंतही सोबत आली, पण ती तशीही कललेली होती. प्रत्येक वेळी रस्त्याकडंचं एखादं लिंबाचं झाड गाठायचं, जीप मागून साखळीनं त्याला बांधायची, म्हणजे ती जागची हलत नाही, आणि बटण दाबायचं. तालुक्यात कुणाचंही काही रुतलं की लोक मला बोलवायचे. फक्त ज्याला रुतायचं होतं तो रुतत नव्हता. मी रोज छावणीत दूध घ्यायला जायचो आणि लांबूनच त्या पांढऱ्या गाडीची चाकं बघायचो, लेकीसाठी स्थळ बघतात तशी.

आणि तो दिवस आला. भर दुपारी चेअरमन छावणीच्या पाहणीला निघाले, ड्रायव्हरला म्हणाले असणार की त्या भेगाळलेल्या रानातनं कावून नेतोस, इकडनं गुळगुळीत हाय. गाडी सायीवर आली, क्षणभर थांबली आणि आत बसली. दारापर्यंत. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर बाहेर उभा राहून ट्रॅक्टरसाठी फोन करत होता. ट्रॅक्टर कडबा आणायला सिरसाळ्याला गेलेला. भोंगा लावायची गरजच पडली नाही. छावणी आपणहून आली.

मागच्या सीटची काच चार बोटं खाली झाली. आतून थंड हवा आली आणि तिच्या मागून आवाज आला. "वढ की बे. कावून थांबलास?"

मी घट्ट जमिनीवर जीप उभी केली, तार सोडली, हूक अडकवला, पोतं भिजवून टाकलं. माणसं मागं सारली. चालत खिडकीशी आलो, रिमोट वर धरला आणि बटण दाबलं. तार ताणली, करकरली. पांढरी गाडी जागची हलली नाही. माझी जीप मात्र निघाली. चाकं घसटत, धूळ उडवत, भुकेलं वासरू गाईकडं जातं तशी ती चेअरमनकडं निघाली. विंच मी त्याच्या वजनाचा घेतला होता, जीप माझ्याच वजनाची राहिली होती. छावणी हसायला लागली. काच पूर्ण खाली झाली आणि चेअरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, खासगी कसा आपल्या पायानं सहकाराकडं येतोय."

माझं काळीज तिथंच गाळात गेलं. आता वर्षभर हे वाक्य चालणार. जीप मागून बांधायला हवी होती. पण बांधणार कशाला? तलावाच्या तळात कुठून आलं झाड? काठावरच्या बाभळी शेळ्यांसाठी खरडून काढलेल्या, नुसत्या मनगटाएवढ्या काड्या उरल्या होत्या. मी भिरभिर बघत होतो, तेव्हा मला जीपच्या बरोबर मागं, सरळ रेषेत, तो खांब दिसला.

छातीएवढा उंच सिमेंटचा खांब, वर काळी फरशी, फरशीवर सोनेरी अक्षरं. या तलावाचं पाणी वरच्या गावांच्या शेतात न्यायची सहकारी योजना निघाली होती, तिच्या भूमिपूजनाचा तो खांब. चेअरमनच्याच हस्ते झालेलं, एका उन्हाळ्यात पाणी मागं हटलं होतं तेव्हा. पाइप आले नाहीत, मोटर आली नाही, मग पाणीही गेलं. खांब तेवढा राहिला. गावोगावच्या माणसांनी शेअर्सला भरलेले पैसे त्या खांबात होते म्हणा ना. मी तार ढिली केली, जीप मागं नेली आणि साखळी घेऊन खांबाकडं गेलो.

साखळीचा पहिला वेढा पडला तोच पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. चेअरमननी गाळात उडी मारली. गुडघ्याएवढे रुतले, इस्त्रीचं धोतर काळं झालं, तरी एक पाय उपसत, एक घालत पुढं यायला लागले.

"त्याला बांधू नको."

"कावून?"

"नारळ फुटलाय त्याच्यावर. देवाधर्माचं काम हाय."

"मग तर मजबूत असंल," मी म्हणालो आणि दुसरा वेढा घातला.

त्यांनी आवाज खाली आणला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू बोलले. "मालक, ऐका. उपटून यील."

मालक. मी छावणीकडं तोंड केलं आणि भोंग्यासारखं ओरडून विचारलं की सहकाराचं काम, इंजिनिअरनं बांधलेलं, ते एका खासगी जीपनं कसं उपटून यील? आणि रिमोट वर धरला. अंगठा बटणावर टेकवला. तार नुसती एकदा कुरकुरली.

"अरं त्याला पाया न्हाई," चेअरमन ओरडले.

जनावरांनी रवंथ थांबवला. शप्पथ घेऊन सांगतो, हजार तोंडं एकदम थांबली. चेअरमनला स्वतःचं वाक्य ऐकू आलं आणि ते गाळात होते तिथंच थांबले.

छावणीत एक म्हातारी होती, वरच्या गावची. योजनेची सभासद, पाणी येणार म्हणून बांधावरचं बोरीचं झाड तोडून पाइपाला वाट करून दिलेली. ती काठी टेकत खांबापाशी आली, काठी खाली ठेवली आणि तळहातानं खांबाला ढकललं. खांब दुधाच्या दातासारखा हलला. तिनं पुन्हा ढकलला, तो पुन्हा हलला. काठी उचलून बाजूला झाली. मग तिच्या मागचा माणूस पुढं आला. त्यानंही हलवून बघितला. मग त्याच्या मागची बाई. त्या माणसांना टँकरपाशी, चाऱ्यापाशी रांगेत उभं राहायची सवय झालेली, त्यामुळं कुणी न सांगताच रांग लागली. एकेक जण यायचा, हात लावायचा, खांब हलवायचा, चेअरमनकडं बघायचा आणि पुढं जायचा. लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बायांनी लेकरांचे हातही लावले.

मी साखळी सोडून घेतली. गाडी काढायचा रस्ता मला तोवर सुचला होता. जीपचं स्टेपनीचं चाक खोल खड्ड्यात आडवं पुरायचं, त्याला साखळी बांधायची. तसं मी चेअरमनला सांगितलंही. ते म्हणाले, मग वढा की आता. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं, गाळ मांडीपर्यंत आला होता.

मी म्हणालो, विंचाची मोटर तापते. तिला गार होऊ द्यावं लागतं, तसं कंपनीनं छापूनच दिलंय.

"किती येळ लागंल?"

मी जीपच्या बंपरवर टेकलो, तलावाच्या काठापर्यंत गेलेल्या रांगेकडं बघितलं, आणि म्हणालो, "ही रांग सरंस्तोवर."