बोरघिल्डबाईंच्या खणातली मंडळी

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या दक्षिणेकडच्या त्या लुथरन पंथाच्या चर्चच्या किल्ल्या एकतीस वर्षं बोरघिल्ड ट्वाइटनबाईंच्या कमरेला होत्या. प्रवचन करणारे पाळक आले, पाळक गेले. पुढे पुढे तर रविवारपुरते उसने पाळक यायला लागले. छत कुठे गळतं, मोठं पातेलं कुठे आहे, सगळं विचारायचं ते बाईंना. पुडीत अंडं फोडून जुन्या रीतीनं उकळलेली त्यांची कॉफी अशी निवळशंख व्हायची की कपाचा तळ दिसावा.

चर्च बांधलं ते पिठाच्या गिरण्यांत राबणाऱ्या नॉर्वेच्या माणसांनी. देवाशी बोलणं नॉर्वेजियनमध्येच चालायचं. पुढे उपासना इंग्रजीत आली तेव्हा बाईंची आजी गुनहिल्ड अशी बिनसली की सहा वर्षं प्रवचनाला कानात कापूस घालून बसली. "देवाला इंग्रजी येतं हे तुम्हांला कुणी सांगितलं?" हा तिचा सवाल. मग नातवंडं उपनगरांत पांगली. गल्लीत लाओसची माणसं आली, मेक्सिकोची आली आणि शेवटी इथिओपियातले ओरोमो आले. ओरोमोंना उपासनेसाठी बाईंनी तळघर उघडून दिलं. रविवारी दुपारी खाली अशी गाणी रंगायची की वरच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची.

आता खरी गंमत शहाण्णव सालच्या जानेवारीतली. वार्षिक सभा होती. अध्यक्ष आर्विड सुंडबी यांनी जुना नियम वाचला: सभासद तिसाच्या खाली गेले की इमारत विकावी आणि मंडळी, म्हणजे सभासदांचा हा संघच, मिटवावी. पटावर नावं होती अठ्ठावीस. बाईंचं लग्न इथलं, नवऱ्याची शवपेटी इथूनच निघाली. त्या उठून सभेची कॉफी ओतायला लागल्या.

इतक्यात तळघराची किल्ली मागायला तोलेरा हिर्पा दारात आला. ओरोमोंमधला हा वडीलधारा माणूस, टोपी हातात धरून उभा.

"घे बाबा," बाई म्हणाल्या. "आता थोडेच दिवस. आम्ही अठ्ठावीसच उरलो."

"अठ्ठावीस? मग आम्हांला कुणी मोजलं नाही वाटतं?"

"तुम्ही पाहुणे ना रे."

"पाहुणे कसले, बाई? दोन वर्षांपूर्वी तुमच्याच हातात पत्रं दिली. किल्ल्या तुमच्याकडे, म्हटलं मुख्य याच."

बाईंना ती पाकिटं आठवली. लुथरन माणूस गाव सोडताना जुन्या मंडळीचं पत्र घेऊन निघतो आणि नव्या मंडळीला देतो, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण पाकिटं मिळाली तेव्हा त्यांना वाटलं, तळघर दिल्याबद्दल आभार मानले असतील. आणि आपलं कौतुक आपणच फोडून वाचणं म्हणजे निव्वळ मिरवणं. त्यांनी पाकिटं तशीच खणात टाकली होती, टेबलक्लॉथखाली.

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी बाई स्वयंपाकघराकडे धावल्या. अकरा पाकिटं निघाली. आर्विडनी पहिलं फोडलं. खाली शिक्का, वर मजकूर: हे कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद आहे, त्यांना आपल्यात घ्यावे. दुसरं तसंच. तिसरं तसंच. नावं भरली त्रेपन्न.

"तू लुथरन?" आर्विडनी विचारलं.

"माझे आजोबासुद्धा लुथरन."

"मग दोन वर्षं तोंडात गुळणी धरली होतीस का?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

"अरे, घरी आलेल्या माणसाला धर्म विचारणं वाईट दिसतं."

"आम्हांलाही तसंच वाटलं. म्हटलं, नवे सभासद दोन वर्षं तळघरात बसवायची यांची रीत असेल."

सभेत असं हसू फुटलं की उसन्या पाळकांनाही आवरेना. पण आर्विड कागद धरून उभेच होते. हळूच म्हणाले, "बोरघिल्ड, यांना घेतलं तर आपण अठ्ठावीस आणि ते त्रेपन्न. सगळं त्यांच्या मर्जीनं चालेल."

बाई उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी बोलत नसत.

"आर्विड, माझ्या आजीनं सहा वर्षांनी कापूस काढला आणि मग रडली, इतकी चांगली प्रवचनं हुकली म्हणून. माझ्याकडे सहा वर्षं आहेत की नाहीत, कुणास ठाऊक. मी हात वर करते."

त्यांच्यामागे एकेक करत सत्तावीस हात वर गेले. शेवटचा आर्विडचा.

पुढच्या रविवारी दोन्ही मंडळींची मिळून एकच उपासना ठरली. आपले जुने सभासद नेहमीसारखे पाच मिनिटं आधी पोचले, तर ओरोमो कुटुंबं तासभर आधीच येऊन मागचे सगळे बाक भरून बसलेली. रिकामे होते फक्त पुढचे दोन, ज्यांवर शंभर वर्षांत कुणी लुथरन आपणहून बसला नव्हता. मुकाट्यानं आर्विड तिथे बसले, शेजारी बोरघिल्डबाई. अडीच तासांनी बाहेर पडताना आर्विड म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा पाळकाचा चेहरा नीट दिसला. मला वाटायचं त्याहून म्हातारा आहे."

"तोही तुझ्याबद्दल तेच म्हणत होता," बाई म्हणाल्या आणि एक्क्याऐंशी माणसांची कॉफी टाकायला गेल्या.