सहा वाजता उचलायचा पूल

आमच्या बाबांना काहीही बांधता येत असे, आणि बांधलेलं पुन्हा सोडवल्याशिवाय चैन पडत नसे.

त्यात त्यांचा दोष नव्हता. लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत सॅपर म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेली. सॅपर म्हणजे फौजेला वाट करून देणारा. नदी आडवी आली की पूल टाकायचा, सुरुंग पेरलेले असले की गुडघ्यांवर बसून एकेक उकरायचा. तोफा बैल ओढत होते तेव्हापासून या लोकांची एकच रीत, असं बाबा जेवताना सांगत: सगळ्यांच्या आधी जायचं, सगळ्यांच्या शेवटी यायचं आणि येताना पूल उचलून आणायचा. शत्रूला आयता पूल ठेवायचा नाही. आई वरण वाढता वाढता म्हणे, "जगाचे पूल बांधलेत. माझ्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकली नाहीत."

निवृत्तीनंतर गावी जायचं ठरलं होतं. पण देशात नवे कारखाने येत होते, बाबांना फरीदाबादला सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली आणि आम्ही एका नव्या कॉलनीत घर घेतलं. बिल्डरच्या गुळगुळीत कागदावर कारंजं होतं, बाग होती, 'दिल्ली पंधरा मिनिटांत' होती. प्रत्यक्षात मोहरीचं शेत होतं, छतांवर डिशच्या छत्र्या होत्या आणि कॉलनीच्या तोंडाशी एक काळाकुट्ट नाला होता. त्यावरचा पूल कागदावरच राहिला होता.

नाल्यापलीकडे एक नवी शाळा निघाली आणि तिथे दुपारच्या पाळीत आईला गणित शिकवायची नोकरी लागली. आईच्या ट्रंकेत तीन शाळांचे अनुभवाचे दाखले होते. प्रत्येक ठिकाणी कायम व्हायची वेळ आली की बाबांची बदली यायची. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती. "ही शेवटची संधी," ती मला म्हणाली, आणि लगेच कुकर लावायला उठली. शाळा समोर दिसत होती, पण वळसा होता दोन किलोमीटरचा, वीटभट्टीच्या सुनसान रस्त्याने.

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

बंद पडलेल्या एका गिरणीचे दोन लोखंडी गर्डर त्यांनी भंगारवाल्याकडून आणले. दोरखंड आणि कप्पी दिल्लीच्या करोल बागेतून आली. फळ्या मिळाल्या त्यांच्याच कारखान्यातून: परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या, शिक्के आणि बाण छापलेल्या. आठ दिवसांत पूल उभा राहिला. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "सूबेदार साहब, आपने तो कमाल कर दिया!" बाबांनी मान हलवली आणि पँट दुमडून सरळ नाल्यात उतरले. त्यांच्या तुकडीची रीतच होती, नव्या पुलावरून पहिलं माणूस जाताना बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. आई त्यांच्या डोक्यावरून गेली, पर्स काखेत घट्ट धरून. बाबा गुडघाभर घाणीत ताठ उभे. अख्खी कॉलनी हसत होती, आणि मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी सहा वाजता त्यांनी सगळ्या फळ्या उचलून घरी आणल्या!

लाकूड चोरीला जाईल, बिल्डरचे ट्रॅक्टर पुलावर चढतील, अशी कारणं त्यांच्याकडे होती. खरं कारण सव्वीस वर्षांची सवय. सकाळी सहाला पूल टाकायचा, संध्याकाळी सहाला उचलायचा. कॉलनीने घड्याळं त्यावर लावली. आईची शाळा साडेपाचला सुटायची, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

जानेवारीत शाळेच्या मोठ्या मॅडमनी दहावीसाठी सातपर्यंतचा जादा वर्ग काढला. जो घेईल तो कायम होणार.

"सातपर्यंत राहू द्या पूल," आई म्हणाली.

"अगं, वेळ म्हणजे वेळ. एकदा सूट दिली की संपलं. तू त्यांना सांग, जमणार नाही म्हणून."

आईने तपासायच्या वह्या पुढे ओढल्या. मला वाटलं, चौथा दाखलाही ट्रंकेत जाणार. बाबांचा इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

सोमवारी सहा वाजले, आई आली नाही. बाबांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग फळ्या उचलल्या. "येईल वळशाने, रिक्षा करून," म्हणाले, पण घरी काही आले नाहीत. नाल्याकाठी फळ्यांच्या ढिगावर बसून राहिले. मी टॉर्च घेऊन गेले. धुकं एवढं की पलीकडचा काठ दिसत नव्हता.

सातनंतर धुक्यातून आवाज आला. "अहो, आहात का?"

"आहे. पण तू वळशाने ये, इथे फळ्या..."

"मी वर्ग घ्यायला हो म्हटलंय," आई म्हणाली. "तुमच्या मागे तीन वेळा माझा पूल उचलून आले मी. आता नाही उचलणार. पूल टाका."

बाबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि एकेक फळी टाकू लागले. तेवढा वेळ आई पलीकडे उभी होती. शेवटची फळी टाकून ते त्या थंडीत पाण्यात उतरले.

"अहो, काय हे! रोज जाते की मी यावरून."

"आजचा नवा आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हातोडीच्या आवाजाने कॉलनी जागी झाली. बाबा फळ्यांना चार इंची खिळे ठोकत होते. आंटींनी विचारलं, "अब नहीं उठाएँगे?" "नहीं जी," बाबा म्हणाले आणि पुढचा खिळा घेतला.

एक फळी उरली. ती घेऊन ते घरी आले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकली, बाण वर असलेली. आईने ती हाताने दाबून पाहिली. मग डाळीचा डबा उचलला आणि म्हणाली, "खाली उभे राहा आधी."

बाबा उभे राहिले, ताठ. आईने एकेक डबा वर ठेवला.