महालक्ष्म्यांच्या आधीची गोळी

माझी पाळी कधीच वेळेवर आली नाही. कधी सव्वा महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. मूल हवं असं ठरल्यावर अंडं कधी सुटतं ते दाखवणाऱ्या, औषधाच्या दुकानातल्या पट्ट्या वापरून पाहिल्या. पण तपासायला कधी सुरुवात करायची हेच कळत नसल्याने त्या वाया जात. मग शहरातल्या सदर भागातल्या डॉक्टरांनी दिवसाआड सोनोग्राफीला बोलावलं. अंडं वाढतंय का, सुटतंय का, हे त्या पडद्यावर पाहत. ऑफिसला जाण्याआधी मी तिथे जाऊन येई. नवऱ्याखेरीज घरात कोणाला माहीत नव्हतं.

बरेच महिने काही वाढलंच नाही. एका वर्षी श्रावण संपता संपता अंडं सुटल्याचं पहिल्यांदा दिसलं. "आता फक्त वाट पाहायची," डॉक्टर म्हणाल्या.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, जवळ आल्या होत्या. आमच्याकडे त्या तीन दिवसांत कडक सोवळं असे. माझ्या पाळीचा भरवसा नसल्याने सासूबाई दरवर्षी ती लांबवण्याच्या गोळ्या आणून ठेवत, आणि मी घेई. महालक्ष्म्यांना साड्या नेसवायचं काम माझं होतं. निऱ्या काढायला मला आवडे.

त्या वर्षी मी गोळीला नाही म्हटलं.

"काहून वं? दरसाली तं घेतं. पुरण, आंबील, सोळा भाज्या, मी एकटी करू काय?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भाजी निवडणारा त्यांचा हात थांबला.

"म्हणजे आता पोटात असू शकते?"

"असू शकतं. नसूही शकतं."

त्यांनी गोळ्यांचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं. "राहू दे मग. आली तं आली."

पहिल्या दिवशी मी साड्या नेसवल्या. दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच, पाळी आली.

मी मागच्या खोलीत बसून राहिले. बाहेर आरती झाली, पंगत बसली. सासूबाईंच्या भावाचा आवाज आला, "सून कुठं लपवली वं, ताई?"

"तुले पुरणाशी मतलब का सुनेशी? जेव गा चूपचाप."

पंगती उठल्यावर त्या दोन ताटं घेऊन आत आल्या. सोवळ्याची साडी अंगावर तशीच होती. माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मी पोळीचा एकच तुकडा मोडत राहिले.

"आता परत जा लागन काय सदरले?"

"हो. पुन्हा पहिल्यापासून."

"मी येतो संगं. एकटी काहून बसतं तिथं?"

पुढच्या खेपेला त्या आल्या. मुलगी व्हायला त्यानंतर बराच काळ गेला, आणि आता सासूबाईही नाहीत; पण त्या वर्षांचा विषय निघाला की मला तीच सकाळ दिसते. दवाखान्यातल्या बाकावरच्या बायका एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसत. सासूबाईंनी शेजारणीला गाव विचारलं. ती काटोलची, घरची संत्र्याची बाग असलेली.

"औंदा बहार कसा आहे?"

"झाडाचं बरं आहे, मावशी. महिनाभर पाणी तोडलं का बहार येते. माह्यावर कोणताच उपाय चालून नाही राहिला."

सगळा बाक हसला. त्या खोलीत तोवर मी कोणाला हसताना ऐकलं नव्हतं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. सासूबाईंनी माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली.

"जाय वं. मी इथंच आहो."